नखभर अंतर

नाळ पुलाच्या तुळईला टेकली तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. होडी आपल्या चालीनं आली, टेकली आणि हातभर मागं सरली. काठावर जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, झालं वाटतं. हाही पूजेतलाच एखादा विधी असावा, अशी तिची समजूत झाली होती.

आबांनी वर पाहिलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं उभं टोक. तिच्या माथ्यावर आबांनी सागाचं कमळ कोरलं होतं, त्याला सकाळीच हळदकुंकू वाहिलं होतं, आणि ते कमळ सिमेंटच्या तुळईच्या वर चांगलं वीतभर गेलं होतं. मग आबांनी वाकून होडीच्या कुशीकडं पाहिलं. तिथं एक तांबडा पट्टा मारलेला असतो. होडी भरली की पाणी त्या पट्ट्यापर्यंत चढतं. तो पट्टा आज पाण्यापासून कितीतरी वर, कोरडा ठणठणीत होता.

“इंजिन,” आबा म्हणाले, आणि नाळेपाशीच खाली बसले.

माझे वडील गुणाजी मेस्त्री. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला लाकडी होड्या बांधणारी पूर्वी चार-पाच घरं होती. मी कॉलेजात गेले तोवर आमचं एकच उरलं होतं, आणि फायबरच्या होड्या यायला लागल्यामुळं तेही किती दिवस टिकेल याची खात्री नव्हती. ही होडी शेवटची, असं आबा कधी बोलले नाहीत. पण या नाळेवर त्यांनी जेवढे दिवस घालवले तेवढे कुठल्याच नाळेवर घालवले नव्हते, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं होतं.

आमचा मांड, म्हणजे होड्या बांधायची जागा, आणि समुद्र यांच्या मध्ये अलीकडंच हा पूल आला होता. पुलाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पलीकडच्या दवाखान्यात आता बैलगाडीनं जाता यायचं. फक्त होड्यांची पंचाईत झाली. उन्हाळ्यात पूल उंच, पण खाडीत पाणी नाही. पावसात पाणी, पण पूल ठेंगणा. होडी बाहेर काढायची तर पावसातच काढायला हवी. म्हणून आबा आदल्या पावसाळ्यात बांबू घेऊन पुलाखाली उभे राहिले, माप घेतलं, आणि त्या मापानं नाळ उभी केली. मूठभर जागा राहील असं त्यांचं गणित होतं, आणि आबांचं गणित चुकत नसे.

या वेळीही तसं ते चुकलं नव्हतंच. आजवर प्रत्येक होडीचं इंजिन आमच्या मांडावरच बसायचं. या होडीचे मालक खवणेकर. त्यांनी नवीन, जड इंजिन घेतलं होतं, आणि आमच्या वाडीचा रस्ता पावसात वाहून गेल्यामुळं ते बंदरातच बसवायचं ठरलं होतं. हे आबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण आबा वर्षभर फळ्यांशी झटत असले तरी त्यांच्या डोळ्यांपुढं होडी असायची ती भरलेली: इंजिन, जाळी, बर्फ, मासळी आणि खलाशी. रिकामी होडी त्यांच्या लेखी होडीच नव्हती. त्यामुळं ती रिकामी असताना किती वर तरंगेल हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही. माझं म्हणाल, तर मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, भौतिकशास्त्र घेऊन. मांडावरच्या ओंडक्यावर बसून मी आर्किमिडीजचं तत्त्व पाठ केलं होतं, आणि ते पाठ करताना पाठीशी होडी उभी होती.

ओहोटीची वाट बघावी म्हटलं तर ही ओहोटीच होती. पावसात डोंगराचं पाणी येतच राहतं. जे उतरायचं ते उतरून झालं होतं. नारळी पौर्णिमा परवावर आली होती, आणि त्या दिवशी समुद्राला नारळ देऊन होड्या बाहेर पडतात. खवणेकरांचे खलाशी बंदरात येऊन बसले होते.

खवणेकर माणूस चांगला होता. ते होडीत मागं बसले होते, ते उठून आबांच्या शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “वीतभर लाकूड ता, मेस्त्रीनू. कापा. बंदरात गेल्यार दुसरा जोडूया.”

त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण आमच्याकडं नाळ उभी राहते त्या दिवशी होडीचा जन्म धरतात. त्या दिवशी गोडधोड होतं, होडीला नाव मिळतं. त्यानंतर नाळेला करवत लावणं म्हणजे पोरीचं नाक कापून तिला सासरी पाठवणं. आबा कमळाकडं बघत राहिले.

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. होडी जड झाली की खाली बसेल, हे सांगायला कुणी मेस्त्री लागत नव्हता. कुणी म्हणालं, पुलाच्या बाजूला दगडांचा ढीग आहे, तो आत टाकू. आबांनी मान हलवली.

“दगड भरून बुडवतत ती मोडीत काढलेली होडी.”

मग रेती भरू, असं कुणीतरी म्हणालं.

“रेती म्हणजे दगडाचीच पोरां.”

पाणी ओतायचं का, असं खवणेकरांनी विचारलं, तेव्हा मात्र आबा थोडे चिडले. “वरीसभर पाणी भायर ठेवक राबलंय. आता मीच आत वतू?”

नारळ चालत होते. नारळ शुभ. घराघरांतून पोती आली, पण श्रावणात नारळ असून असणार किती? ती पोती नाळेकडं रचली. मग पुरुष चढले. काठावरून होडी ओढायच्या दोऱ्या सोडून सगळे पुढं येऊन दाटीवाटीनं बसले, म्हणजे पुढचं टोक जास्त दबेल. होडी खरोखरच खाली गेली. नाळ तुळईच्या कडेनं उतरताना दिसत होती, आणि काठावर बायका श्वास धरून बघत होत्या. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत, उरलेले होडीत. शेवटचा चढला तेव्हा नाळ अजून दोन बोटं वर होती.

खवणेकरांचा ड्रायव्हर पुलाच्या रस्त्यावरून बघत होता, त्यालाही बोलावलं. तो काडीपैलवान. त्याच्या चढण्यानं काही फरक पडला असला तर तो देवालाच दिसला असेल.

मग आबा कुणाकडं न बघता म्हणाले, “शालन, घराकडसून करवत घेऊन ये.”

मी गेले.

घरी आई चुलीपाशी बसली होती. खीर झाली होती, वड्यांचं पीठ तयार होतं, कढईत तेल ओतून ठेवलं होतं, पण जाळ लावला नव्हता. होडी निघण्याच्या दिवशी वाडीतल्या बायका काठावर जायच्या, आई मात्र नाही. बांधणाऱ्याच्या बायकोनं होडी जाताना पाहू नये, दृष्ट लागते म्हणे. होडी वळणाआड गेली की आबा आरोळी देत, ती तिला चुलीपाशी ऐकू यायची, आणि ती ऐकली की ती वडे तळायला घ्यायची. लग्न होऊन ती त्या घरात आल्यापासून होड्यांचं जाणं तिनं असंच ऐकलं होतं. आज आरोळी ऐकू आली नव्हती, त्यामुळं काहीतरी बिनसलं हे तिला मी सांगण्याआधीच ठाऊक होतं.

मी करवत मागितली. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. ओटीवरच्या खुंटीवरून करवत काढली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि ती स्वतःच्या काखेत धरून दाराबाहेर पडली. तू कुठं चाललीस, असं मी विचारलं.

“माज्या हातान दितंय,” ती म्हणाली.

वाटेत तिनं एवढंच विचारलं, किती उरलं. मी दोन बोटं सांगितली.

मला आईबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं नाव द्वारका. ती आबांपेक्षा उंच होती आणि त्यामुळं थोडी वाकून चालायची. होडीच्या दोन फळ्यांमध्ये जी फट राहते, तिच्यात तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकून बसवतात, तेव्हा कुठं पाणी अडतं. त्या वाती आई वळायची. पावसाळ्याआधीच्या संध्याकाळी वाडीतल्या बायका आमच्या पडवीत यायच्या, आणि गप्पा मारता मारता मांडीवर कापूस वळत बसायच्या. आईच्या मांडीचा तो भाग कायमचा गुळगुळीत झाला होता. आबा वात हातात धरून ओढून बघत आणि काही न बोलता पुढं जात. काही न बोलणं ही त्यांची शाबासकी होती. माझ्या वाती ते परत करायचे.

आबांना बोलायला लावायचं तर कोडं विचारावं लागायचं, किंवा त्यांचं कोडं ऐकून घ्यावं लागायचं. मी लहान असताना त्यांनी बादलीत करवंटी सोडली होती, करवंटीत दगड ठेवला होता आणि विचारलं होतं, दगड उचलून बादलीत टाकला तर बादलीतलं पाणी चढेल की उतरेल? मी चढेल म्हणाले. आत काही टाकलं की पाणी चढतं, हे कुणालाही कळतं. त्यांनी दगड टाकला आणि पाणी उतरलं. मी दोन-तीनदा करून बघितलं, दर वेळी उतरलं. मी रडकुंडीला आले तेव्हा त्यांनी सांगितलं, दगड होडीत बसला की तो आपल्या वजनाइतकं पाणी सारतो, आणि बुडाला की फक्त आपल्या अंगाइतकं. दगड अंगानं लहान पण वजनानं भारी, म्हणून होडीत असताना तो जास्त पाणी सारतो. पुढं कॉलेजात हेच मला इंग्रजीत शिकवलं, आणि मी वर्गात पहिली आले.

आई काठावर पोचली तेव्हा बायकांची कुजबुज थांबली. आबांनी तिला पाहिलं, तिच्या काखेतलं फडकं पाहिलं आणि मान खाली घातली. आईनं करवत दिली नाही. ती पाण्याच्या कडेला उभी राहून आधी होडीकडं आणि मग नाळेकडं बघत राहिली. दोन बोटं म्हणजे किती माणसं, असं तिनं मला विचारलं. मी पुरुष चढताना नाळ किती उतरत होती त्यावरून अंदाज केला आणि म्हणाले, अजून दहा-बारा माणसं पुढं बसली तर जाईल.

“मगे माणसां आसतच की हयसर,” आई म्हणाली, आणि मागं वळून बायकांकडं बघितलं.

तातू तांडेल होडीत सगळ्यांत पुढं बसला होता. आयुष्यभर होड्या हाकून आता म्हातारा झालेला, आणि रीतीभातीच्या बाबतीत वाडीत त्याचा शब्द शेवटचा. तो भांडला नाही, ओरडलाही नाही. नियम सांगावा तसं त्यानं सांगितलं.

“नारळ देवच्या आदी बायलमाणसां होडयेत चढनत नाय, द्वारके. तुका म्हायती आसा.”

आईला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आबांनी हात पुढं केला तो करवतीसाठी, आणि आईनं फडकं जास्तच घट्ट धरलं. एक क्षण मला वाटलं, आता ती करवत खाडीत फेकणार.

तेवढ्यात तातूलाच एक तोडगा सुचला. होडीत चढायची मनाई, पण होडीला हात लावायची थोडीच आहे? बायकांनी पाण्यात उतरावं, होडीची कड धरावी आणि बाहेरूनच खाली ओढावं. रीतही राहील आणि नाळही. हे सगळ्यांना इतकं पटलं की खवणेकर तर हसलेच. बायकांनी लुगड्यांचे काचे मारले आणि त्या पाण्यात उतरल्या. पुलाच्या खांबाजवळ गळ्याइतकं पाणी होतं. आईनं करवत माझ्या हातात दिली आणि तीही उतरली. नाळेच्या दोन्ही बाजूंना बायकांनी कड धरली, पाय वर घेतले आणि लोंबकळल्या.

होडी किंचित हलली. बस, तेवढंच. नाळ होती तिथंच होती. एकीनं आणखी जोर लावला तर ती स्वतःच वर आली आणि सगळ्या हसल्या. पुन्हा सगळ्यांनी मिळून ओढलं. कमळ तुळईच्या वर दोन बोटं, हलायला तयार नाही.

मला दिसत होतं काय होतंय ते. मी काठावरून सांगायला लागले की याचा उपयोग नाही, पाण्यात बुडालेल्या माणसाचं वजन पाणीच उचलतं, प्लावक बल वरच्या दिशेनं असतं, त्यामुळं होडीवर भार येतच नाही. माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ते कुणीही ऐकलं नाही. प्लावक हा शब्द ऐकून तातूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला शिवी दिली होती.

आई मात्र ओढायची थांबली. गळ्यापर्यंत पाण्यात, एक हात होडीच्या कडेवर. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग तातूकडं.

“तातूनू,” ती म्हणाली, “बावीत घागर असता तेवा बोटान हलता. पाण्याच्या भायर इली काय कंबर मोडता. आमी पाण्यात उभ्या ऱ्हवान काय उपेग? आमचा वजन पाणीच धरून आसा.”

विहिरीची घागर तिथल्या प्रत्येक बाईनं रोज ओढली होती. पाण्याखाली भरलेली घागर हातात नाही अशी वाटते आणि पाण्याबाहेर आली की दोरी तळव्याला कापते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकेक करून सगळ्यांनी कड सोडली. होडीतल्या पुरुषांनाही ते कळलं. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक तर बायकांनी पाण्याबाहेर येऊन होडीत बसायचं, नाहीतर करवत. आणि करवत माझ्या हातात होती.

तातूनं आबांकडं पाहिलं. होडी आबांच्या हातची, नाळ आबांची. त्यानं निर्णय त्यांच्यावर सोडला, पण सोडताना तोंड फिरवून घेतलं.

आबा उठले. होडीत इतकी गर्दी होती की त्यांना धड उभंही राहता येईना. त्यांनी खाली वाकून फळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, जसं मांडावर फिरवायचे तसं.

“ह्या फटीत ह्येंच्या हातची वात आसा,” ते म्हणाले. “हर फटीत आसा. ह्यो आदीच होडयेत आसत, तातूनू. आता वर येवन बसतल्यो, इतक्याच.”

मी आबांना इतकं लांबलचक बोलताना फार वेळा ऐकलं नाही. तातू हळूहळू सरकला आणि आपल्या शेजारी एक जागा मोकळी केली. त्याला हो म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यानं जागा केली, असं मला वाटतं.

बायका चढायला लागल्या. ओल्या लुगड्यांनी चढणं सोपं नव्हतं. पुरुष वरून हात देत होते, आणि आई पाण्यात उभी राहून एकेकीला खालून रेटत होती. कुणाचा पाय घसरला, कुणी चिखलासकट तातूच्या मांडीवर पडली, त्यावरून हशा झाला, आणि त्या हशानं आधीचा ताण थोडा सैल झाला. आईनं मलाही खुणावलं. मी करवत काठावर ठेवली आणि चढले. मी सगळ्यांत हलकी, म्हणून मला अगदी टोकाला, नाळेपाशी पाठवलं. तिथून मी हात वर करून तळवा तुळईच्या खालच्या कडेला लावू शकत होते. मी बसल्या जागेवरून सांगत होते: दीड बोट. एक बोट. अर्धं. नाळ खाली जाताना दर बाईला दिसत होती, आणि बाईगणिक पाणी तांबड्या पट्ट्याच्या जवळ येत होतं.

शेवटची चढली. मी कमळाच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि तुळईशी लावलं. अजून नखभर वर होतं.

“नखभर,” मी म्हणाले.

सगळे जागच्या जागी आणखी पुढं सरकले. काही झालं नाही. काठावर आता कुणी उरलं नव्हतं, पुलावरही कुणी नव्हतं. पाणी मात्र पुन्हा चढायच्या बेतात होतं. खांबावरची शेवाळाची रेघ हळूहळू झाकायला लागली होती. तेव्हा एकेक करून सगळ्यांचं लक्ष खाली गेलं. आई अजून पाण्यातच होती. सगळ्यांना चढवता चढवता तिला चढवायला कुणी उरलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला म्हटलं नव्हतं.

आबा माझ्या शेजारून वाकले आणि हात खाली केला.

“ये,” ते म्हणाले.

आईनं हात धरला नाही. ती म्हणाली, माझे पाय चिखलानं भरलेत, नवीन फळ्या आहेत. मला तेव्हा ते कारण खरं वाटलं. ती होडीकडं बघत होती ती मात्र भीतीनं. इतक्या होड्यांच्या वाती तिनं वळल्या होत्या आणि एकाही होडीत तिचं पाऊल पडलं नव्हतं. आता जे काही बरंवाईट होईल ते आपल्या पावलानं होईल, हे तिच्या मनात होतं, आणि होडीतल्या निम्म्या लोकांच्याही मनात होतं.

“चिकोल धुता येता,” आबा म्हणाले. “ये गो.”

मग तिनं हात धरला. आबांनी तिला ओढून घेतलं आणि तिला बसायला दुसरीकडं जागाच नसल्यामुळं ती नाळेला पाठ लावून बसली. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. मी तुळईवर तळवा ठेवला आणि कमळ माझ्या तळव्याखाली आलं.

“जातली,” मी म्हणाले. एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी असं बोलले की ते सगळ्यांनी ऐकलं.

मागच्या दोघांनी बांबू रोवले आणि होडी निघाली. कुणी श्वास घेतला नाही, हलणं तर दूरच. तुळई डोक्यावरून जाताना इतकी जवळ होती की उंच पुरुषांना मान गुडघ्यात घालावी लागली. कमळ तुळईखालून गेलं. फक्त माथ्यावरचं कुंकू सिमेंटला लागलं, त्याचा एक तांबडा ओरखडा तिथं उमटला, आणि पुढच्या पावसापर्यंत तो तिथं होता. मग अंगावर एकदम ऊन आलं आणि पूल मागं राहिला.

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि प्लावक बलाच्या धड्याला दर वर्षी मुलांना विचारायची: एका होडीला बाहेरून बारा बायका लोंबकळल्या, होडी किती खाली जाईल? मुलं बायकांची वजनं विचारायची. मी त्यांना विहिरीवरची घागर सांगायची. नंतर नंतर घागर माहीत असलेली मुलं वर्गात कमी होत गेली, तेव्हा मी प्रत्येकाला नळाखाली बादली आणि तांब्या घेऊन बसवायला लागले.

पुलाच्या पलीकडं दगडी धक्का होता. तिथं होडी लावली आणि सगळे उतरायला लागले. एकेक माणूस उतरेल तशी होडी वर येत होती, ओली फळी उघडी पडत होती. तातू तांडेल उतरताना आईच्या समोर क्षणभर थांबला. त्यानं तिच्या हाताला धरून तिला नीट मधोमध बसवलं, होडी कलू नये म्हणून, आणि उतरून गेला. मी उतरले. शेवटी आबा उतरले. आईही उठली, तशी त्यांनी तिला हातानं थांबवलं.

ते धक्क्यावर पोटावर आडवे झाले. पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्यांच्या देखत, चिखलात. कानावरची सुताराची पेन्सिल काढली, नाळेला पाणी जिथं लागलं होतं तिथं एक रेघ मारली, आणि मग आईला हात दिला. ती उतरली. होडी वर आली. आबांनी पाणी स्थिरावू दिलं आणि आधीच्या रेघेखाली दुसरी रेघ मारली. कोडं घालताना त्यांचे डोळे जसे दिसायचे तसे मला ते त्या वेळी दिसले. त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि दोन रेघांच्या मधल्या जागेवर अंगठ्याचं नख ठेवून दाखवलं. ती जागा नखाएवढीच होती.

आईनं वाकून पाहिलं. “इतकीच मी?”

“इतक्यासाटीच अडकलेली,” आबा म्हणाले.

खवणेकर आणि आबा होडीत चढले, बांबू रोवले गेले, आणि होडी बंदराच्या दिशेनं निघाली. बायका लुगडी पिळत घराकडं वळल्या. आई धक्क्यावरच उभी राहिली. होडी वळणापाशी गेली तेव्हा आबांनी आरोळी दिली, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला, पण डोळे मिटले नाहीत. होडी पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती.

त्या दिवशी वडे तळायला फार उशीर झाला.